सगळे आकडे बरोबर असलेली वही

ही मुलगी मला पहिल्यांदा भेटली तेव्हा नऊ वर्षांची होती. या प्रकरणाच्या वेळी पंधरा वर्षांची, दहावीत. सांगली जिल्ह्यातलं ऊसपट्ट्यातलं गाव. वडील साखर कारखान्यात नोकरीला, आई घर आणि दोन म्हशी सांभाळते, घरात आजी आणि धाकटा भाऊ. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि तिला कुठलंही खोटं नाव दिलेलं नाही. टाइप वन डायबेटिस असलेल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना इन्शुलिन, खाणं, तपासणी शिकवणं आणि त्यांच्याशी बोलत राहणं हे माझं काम. तरीही या मुलीचं काय चाललंय हे मला जवळजवळ दोन वर्षं कळलं नाही.

आठ महिन्यांत ती दोनदा अ‍ॅडमिट झाली. दोन्ही वेळा चित्र एकच: उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. डायबेटिक किटोअ‍ॅसिडोसिस. टाइप वनमध्ये स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट झालेल्या असतात. बाहेरून इन्शुलिन कमी पडलं की साखर रक्तातच पडून राहते, शरीर चरबी जाळायला घेतं आणि किटोन नावाची आम्लं साचू लागतात. वेळेत सलाईन आणि इन्शुलिन मिळालं नाही तर जीव जातो. पहिल्या वेळी तिला ताप होता, म्हणून सगळ्यांनी तापावर बिल फाडलं. दुसऱ्या वेळी ताप नव्हता, जुलाब नव्हते, सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

आणि वही तर उत्तम होती.

वहीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. घरी ग्लुकोमीटरवर तपासलेली साखर मुलं एका वहीत लिहितात: सकाळी उपाशी, दुपारी जेवणाआधी, रात्री जेवणाआधी, झोपताना. शेजारी किती युनिट घेतलं ते. खरी वही कशी दिसते हे मी हजारदा पाहिलंय. पानाच्या कडेला वाळलेल्या रक्ताचे तपकिरी ठिपके असतात, कारण बोट टोचून त्याच हाताने पेन उचललेलं असतं. कुठे हळदीचा डाग, कुठे शाई बदललेली, कुठे दोन दिवस कोरे, कुठे रागाने खोडलेला ३४०. हिची वही स्वच्छ. सलग पाच आठवडे एकच निळं पेन, एकच तिरकं अक्षर, आकडे १२० ते १६० च्या मध्ये. मी ती वही बघून तिला दोनदा ‘शाब्बास’ म्हटलं होतं. एकदा तर दुसऱ्या एका मुलाच्या आईला दाखवली होती, बघा, अशी ठेवावी म्हणून.

त्याच वेळी तिचं एचबीएवनसी ११.४ होतं. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. ११.४ म्हणजे सरासरी साखर २८० च्या आसपास. या वयात शक्यतो ७ च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. वही १४० सांगत होती, रक्त २८० सांगत होतं. डॉक्टरांनी त्याचा अर्थ वयात येण्याशी लावला आणि तो अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही. पौगंडावस्थेत वाढीचं संप्रेरक वाढतं, इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही आणि डोस खरोखरच वाढवावा लागतो. वजन ४२ किलो, डोस वाढत वाढत दिवसाला ५६ युनिटवर गेला होता. जेवणाआधी तीनदा १२-१२ आणि रात्री लांब चालणारं २०.

वॉर्डातला तिसरा दिवस

दुसऱ्या अ‍ॅडमिशनमध्ये किटोन गेले, ती जेवायला लागली आणि सिस्टरांनी तेच ५६ युनिट सुरू केले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर ५४. रात्री परत ६१. ज्या डोसवर घरी सरासरी २८०, त्याच डोसवर इथे ती लो होत होती, म्हणजे साखर फार खाली उतरत होती. डोस उतरवत उतरवत ३८ वर आणला तेव्हा कुठे ती स्थिर झाली. म्हणजे ५६ युनिट तिच्या शरीरात घरी कधी जातच नव्हते.

नंतर आम्ही साधा हिशेब केला, जो आधीच करता आला असता. दिवसाला ५६ म्हणजे महिन्याला १६८० युनिट. इन्शुलिनच्या पेनात, म्हणजे पेनासारख्या इंजेक्शनात, औषधाची नळी बसते, ती कार्ट्रिज. एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट. महिन्याला साडेपाचाहून जास्त कार्ट्रिज लागायला हव्यात. वडिलांकडे मेडिकलची बिलं जपून ठेवलेली होती. दर महिन्याला चार. औषध कमी लागतंय याचं त्यांना बरंच वाटत होतं.

इथे घरच्यांची पहिली प्रतिक्रिया असते ती चिडण्याची. वडील वॉर्डाच्या दारातच म्हणाले, “खोटं बोलली. सहा वर्षं आम्ही जिवाचं रान केलं आणि ही खोटं लिहीत बसली.” मी त्यांना एवढंच म्हणाले की आज तिला काही विचारू नका, मला अर्धा तास द्या. आई चहा आणायला खाली गेली.

इन्शुलिन घेतेस का, असं मी विचारलं नाही. या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ हेच असतं. मी विचारलं, “दुपारची सुई शाळेत कुठे घेतेस?”

ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “कुठं घेणार, ताई?”

मग सगळं बाहेर आलं. शाळेत ही गोष्ट फक्त वर्गशिक्षिकेला माहीत होती, तीही आठवीतल्या. बाकी सगळ्यांना, अगदी सख्ख्या मामीलाही, घरच्यांनी ‘थायरॉइड आहे’ असं सांगितलं होतं. पुढे लग्नाच्या वेळी अडचण नको म्हणून. त्यामुळे सुई घ्यायची ती मुलींच्या बाथरूममध्ये. तिथे कडी नाही. एका हाताने दार धरायचं आणि दुसऱ्या हाताने कुर्ता वर करून पोटात इन्शुलिनचं पेन टोचायचं. सातवी-आठवीत तिने हे वर्षभर केलं.

मग आठवीत पंधरा ऑगस्टच्या संचलनाच्या सरावात, उन्हात उभी असताना तिची साखर उतरली. ती खाली पडली, दातखीळ बसली. मुलींनी आरडाओरडा केला, कुणीतरी कांदा फोडून नाकाला लावला, कुणीतरी चप्पल हुंगवली. शुद्धीवर आली तेव्हा अख्खं मैदान भोवती आणि कानावर पहिलं वाक्य: “हिला फिट येते.” डबा खायला सोबत बसणाऱ्या दोन मैत्रिणींनी दुसऱ्या दिवसापासून जागा बदलली. तिने हे घरी सांगितलंच नाही. चक्कर आली, एवढंच सांगितलं.

“त्यानंतर मी ठरवलं,” ती म्हणाली, “शाळेत लो व्हायचंच नाही.”

आणि लो व्हायचं नसेल तर साखर चढी ठेवायची. दुपारची सुई बंद. खेळाच्या तासाआधी दोन बिस्किटं. परीक्षा असली की सकाळच्या सुईतही तीन-चार युनिट कमी. हा आळस नव्हता आणि बेफिकिरीही नव्हती. एका भयंकर अनुभवानंतर तिने स्वतःपुरता काढलेला तोडगा होता, आणि तो रोज शिस्तीने पाळला जात होता. डायबेटिस असलेल्या लोकांमध्ये साखर उतरण्याची ही धास्ती फार जणांना असते. फक्त ती कुणी विचारत नाही.

संध्याकाळचा प्रश्न

मग वहीत खोटं का लिहायचं? इथे घराचा भाग सुरू होतो.

वडील शिफ्टवरून यायचे. चप्पल काढायच्या आधी उंबऱ्यातूनच विचारायचे: “किती?” दोनशेच्या आत असेल तर सगळं ठीक, टीव्ही लागायचा, भावाची मस्करी व्हायची. दोनशेच्या वर असेल तर “काय खाल्लंस?” आणि मग जेवताना कुणी बोलायचं नाही. आई डोळे पुसायची. भाऊसुद्धा भाकरी चावताना आवाज करायचा नाही. ती म्हणाली, “माझा आकडा चांगला आला की सगळे जेवायचे.” म्हणून ती १३८ लिहायची.

बाराव्या वर्षी तिला सांगण्यात आलं होतं, आता मोठी झालीस, तुझं तू बघ. सुई तिने एकटीने घ्यायची, आकडा मात्र सगळ्यांना द्यायचा. जबाबदारी पूर्ण तिच्यावर, आणि हिशेब तपासायला सगळं घर. मला वाटतं, आपल्याकडे या मुलांचं सगळ्यात जास्त इथेच फिसकटतं. किशोरवयात पालकांनी एकदम हात काढून घेतला तर साखर बिघडते, हे वारंवार दिसून आलं आहे. सुई घेताना कुणी नुसतं शेजारी बसलं तरी फरक पडतो.

मनाच्या स्थितीची रीतसर तपासणी दुसऱ्या दिवशी केली. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत २७ पैकी १२ गुण आले. १० किंवा त्याहून जास्त आले की दुर्लक्ष करायचं नसतं. इथे एक फरक सांगते, कारण तो उपचाराची दिशा ठरवतो. डायबेटिसचा वैताग आणि नैराश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोजच्या टोचण्याला, मोजण्याला, बोलणी खाण्याला मन कंटाळतं, तो वैताग. त्यावर गोळी नसते, तिथे रोजचा दिवस बदलावा लागतो. हिच्यात वैताग भरपूर होता, पण झोप उडालेली, अभ्यासात लक्ष नाही, चित्रं काढायची सोडलेली, म्हणजे नैराश्याचीही सुरुवात होती.

वजन कमी राहावं म्हणून इन्शुलिन टाळते का, हेही मी विचारलं. मुलींच्या बाबतीत हे विचारायलाच हवं, कारण इन्शुलिन बंद केलं की वजन झपाट्याने उतरतं आणि काहींना ते समजलेलं असतं. तिच्या बाबतीत तसं नव्हतं. आणि मरावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही भीती खरी नाही. ती म्हणाली, “मरायचं नाही. पण रात्री झोपले आणि सकाळी उठलेच नाही तर बरं, असं वाटतं कधीकधी.”

ज्या मुलीच्या दप्तरात इन्शुलिनची पेनं असतात तिच्या तोंडून हे ऐकलं की थांबता येत नाही. बोलण्याच्या सुरुवातीलाच मी तिला सांगून ठेवलं होतं, तू सांगशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी आईला सांगणार. तसं सांगितलं, तिच्यासमोर. जादा पेनं आईच्या कपाटात गेली, रोजच्या वापरातलं एकेक पेन बाहेर. मानसोपचारतज्ज्ञांची भेट त्याच आठवड्यात ठरवली. वडिलांना ते नको होतं, “वेड्यांच्या डॉक्टरकडं कशाला?” हे आलंच. पण आई ठाम राहिली. बाईंचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं. तज्ज्ञांनी औषध लगेच सुरू केलं नाही. दर आठवड्याला भेट आणि आमच्याशी संपर्क, असं ठरलं.

घर

आजीचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. घरच्या सगळ्यांना एकत्र बसवून मी टाइप वन म्हणजे काय ते पुन्हा सांगत होते. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही, कुणाच्या चुकीने होत नाही, असं म्हटलं आणि आजी मध्येच म्हणाल्या, “म्हणजे म्या भरवल्यालं गूळ-तूप नव्हं व्हय?” लहानपणी नातीला रोज पोळीवर गूळ-तूप घालून त्या भरवायच्या. निदान झाल्यापासून सहा वर्षं ती गोष्ट मनात धरून त्या गोडाला शिवल्या नव्हत्या. देवीला नवस बोलल्या होत्या, चप्पल सोडली होती. नातीने आजीकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. आजी गोड का खात नाहीत, याचं कारण तिलाही तेव्हाच कळलं.

वडिलांशी दोन स्वतंत्र बैठका झाल्या. माणूस कठोर नव्हता, घाबरलेला होता. निदानाच्या वेळी तीन दिवस आयसीयूबाहेर उभे होते ते. आकडा विचारला नाही तर मुलगी हातची जाईल असं त्यांना वाटायचं. मी त्यांना एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ असा दहा वर्षं चाललेला, १४४१ लोकांचा. त्यात १३ ते १७ वयाची १९५ मुलं होती. काटेकोर उपचारांच्या गटात, उत्तम डॉक्टर, सतत देखरेख, सगळं असूनही या मुलांचं एचबीएवनसी साधारण ८.१ च्या आसपास राहिलं. तशाच उपचारांत मोठ्यांचं ७.१ होतं. “म्हणजे तिकडच्या पोरांचंबी वर जातंय,” ते हळूच म्हणाले.

ठरलं ते एवढंच. पंधरा दिवस घरात कुणीही आकडा विचारायचा नाही. रात्रीची तपासणी आणि सुई आईसोबत, स्वयंपाकघरात, ओट्याशी. वहीत काहीही लिहिलं तरी रागवायचं नाही आणि चांगलं आलं म्हणून शाबासकीही द्यायची नाही. या शेवटच्या गोष्टीवर मी अडून बसले. ‘छान आली’ म्हटलं की ‘वाईट आली’ हे न बोलताच येतं. वहीला मी जी शाबासकी दिली होती तिने पुढचे पाच आठवडे खोटं लिहायला बळ दिलं, असं आज मी मानते.

वडिलांना हे अवघड गेलं. पहिल्या आठवड्यात ते उंबऱ्यात यायचे, तोंड उघडायचे आणि म्हणायचे, “कि... काय चाललंय?” आईने सांगितलं तेव्हा मुलगी खळखळून हसली.

शाळा

मुख्याध्यापकांकडे मी आणि आई गेलो. मुलगीही आली, कारण काय सांगायचं आणि कुणाला, हे तिने ठरवायचं होतं. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र पाठवून सांगितलं होतं की टाइप वन असलेल्या मुलांना वर्गात साखर तपासायला, इन्शुलिन घ्यायला, मधल्या वेळचं खायला परवानगी हवी. सीबीएसईने तर २०१७ मध्येच परीक्षेला बसताना साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवायची मुभा दिली होती. ही शाळा सीबीएसईची नव्हती, पण दोन्ही गोष्टी समोर ठेवल्यावर बोलणं सोपं झालं. प्रयोगशाळेच्या आतली छोटी खोली दुपारी दहा मिनिटं तिच्यासाठी मोकळी ठेवायचं ठरलं. दाराला कडी आहे, हे तिने आधी जाऊन पाहिलं.

तिने दोन मैत्रिणींना सांगायचं ठरवलं. सांगताना मी हजर नव्हते, तिला नकोच होते. फक्त काय करायचं ते आम्ही एका कागदावर लिहिलं: घाम, थरथर, चिडचिड, गोंधळ दिसला की तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, ७० च्या वर आली की डबा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन. आणि खाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, “कांदा नको. चप्पल नको.”

त्या दोघींपैकी एक, संचलनानंतर जागा बदललेलीच होती. तिने सांगितलं की तिच्या आईने ‘लागण होते’ म्हणून लांब बसायला सांगितलं होतं. या मुलीला दोन वर्षं वाटत होतं, ती किळस करते.

पुढचं वर्ष

तीन महिन्यांनी ९.८, सहा महिन्यांनी ८.९, वर्षाने ८.२. पीएचक्यू-९ चे गुण १२ वरून ६ वर आले. डोस वयानुसार पुन्हा थोडा वाढून ४४ वर गेला, पण आता तो खरा डोस होता. मधे घसरगुंडीही झाली. बोर्डाच्या परीक्षेच्या महिन्यात तिने पुन्हा सकाळची युनिटं कमी केली, पण या वेळी आईला सांगून. त्यावर डॉक्टरांनी पेपरच्या दिवसांसाठी थोडी चढी पातळी चालेल असं ठरवून दिलं. मला हे योग्य वाटतं. लो होण्याची भीती ‘घाबरू नको’ म्हटल्याने जात नाही, थोडी जागा दिली तर कमी होते.

एका भेटीत तिने विचारलं, इन्शुलिन पहिल्यांदा कुणाला दिलं? मी सांगितलं, जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत, लेनर्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला. चौदा वर्षांचा होता. पहिल्या सुईने नीट गुण आला नाही, टोचलं तिथे गळू झालं. बारा दिवसांनी जास्त शुद्ध केलेलं औषध दिलं तेव्हा साखर उतरली. ती म्हणाली, “चौदा? म्हणजे त्याला शाळेत कुठं घ्यायची हा प्रश्न पडला असेल.”

गेल्या भेटीला तिने नवी वही आणली. कोपऱ्याला तेलाचा डाग. मंगळवार, गुरुवार कोरे. एका ओळीत ३१२ आणि पुढे कंसात, ‘मामाच्या लग्नात जिलेबी, दोन. युनिट कमी पडले. मजा आली.’ ठिपके होते. मी वाचलं, काही बोलले नाही, पान उलटलं.

नातेवाइकांत अजून ‘थायरॉइड’च चालू आहे. त्यावर वडील ऐकत नाहीत आणि मीही सध्या जोर केलेला नाही. जूनपासून ती कॉलेजसाठी होस्टेलला जातेय. उठताना तिने विचारलं, “ताई, रूममेटला पहिल्याच दिवशी सांगू, का थोडी ओळख झाल्यावर?” आम्ही पुन्हा बसलो.